शेरा : नॉर्मल

मंदी संपल्याचे आमच्या भागात कोणाला वर्तमानपत्रातून कळत नाही. चाकणच्या चौकात ट्रेलरांची रांग पुन्हा लागते, मंदीच्या दिवसांत दहा मिनिटांत पार होणाऱ्या रस्त्याला पाऊण तास लागू लागतो, आणि कंपनीच्या बसमधला माणूस कपाळाला हात लावून चरफडतो. मग त्याच दमात शेजाऱ्याला म्हणतो, “चला राव, कामं आली म्हणायची.” मीही त्या बसमध्ये असे आणि मीही चरफडे. परंतु त्या वर्षी माझ्या चरफडण्याचे कारण रस्ता नव्हता, आणि ते कोणाला सांगण्याचीही सोय नव्हती. कारण ते कारण मीच होतो.

मोटारींसाठी पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका कारखान्याच्या कर्मचारी विभागात मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम करतो आहे. माझे काम माणसांचे कमी आणि त्यांच्या कागदांचे अधिक : हजेरी, रजा, बढती, वार्षिक वैद्यकीय तपासणी. मी हळू बोलतो. कामगारांवर कधी आवाज चढवत नाही, अशी माझी ख्याती आहे, आणि त्या ख्यातीचा मला जितका काळ अभिमान वाटला तितका वाटायला नको होता. हळू बोलणाऱ्या माणसाच्या हातून चूकही हळूच घडते आणि तिचा गाजावाजा होत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

मंदीच्या त्या दीड वर्षात आमच्या प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागातली, निम्मी माणसे घरी बसवली गेली. यादी मीच केली होती. काम आले की ज्येष्ठतेप्रमाणे परत बोलावू, असे प्रत्येकाला लेखी दिले होते. काम आले, तेव्हा वरून नवा हुकूमही आला : परत येणाऱ्या प्रत्येकाची ताथवड्याजवळच्या एका नव्या तपासणी केंद्रात पूर्ण वैद्यकीय तपासणी होईल आणि ‘फिट’ असा दाखला आल्याशिवाय कोणी गेटच्या आत पाऊल ठेवणार नाही. बैठकीत पडद्यावर वर चढत जाणारी रेघ दाखवून ‘रिकव्हरी’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की मला तो एखाद्या औषधाचे नाव वाटू लागला. दीड वर्ष घरी बसलेली माणसे विश्रांती घेऊन ताजीतवानी परत येतील, असा त्या रेघेमागचा समज असावा.

माणसे आली ती वेगळीच. कोणाचे पोट सुटले होते, कोणाची साखर वाढली होती. ज्याला मी कधी चहादेखील पिताना पाहिले नव्हते त्याच्या हाताला सकाळी नऊ वाजता कंप होता. रिक्षा चालवून एकाची कंबर गेली होती. केंद्राच्या रांगेत उभा राहून मी त्यांची नावे यादीवर खुणावत होतो आणि प्रत्येक जण मला तेच विचारत होता, “साहेब, काय निघणार नाही ना?” काय निघायचे ते मंदीत झाले होते की त्याआधीच, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला नाही. मीही नाही.

माणसे तुकड्यातुकड्यांनी बोलावली जात होती; या पहिल्या तुकडीच्या रांगेत मामा होते. प्रेस शॉपमध्ये जुन्या ऑपरेटरला मामा म्हणायची पद्धत आहे, पण नुसते ‘मामा’ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हेच येत. चाकणजवळच्या एका गावातले शेतकरी घर, तीन भावांत वाटली गेलेली थोडी जमीन, आणि बावीस वर्षे चारशे टनी प्रेसवर उभे. त्यांची एक गोष्ट शॉपमध्ये प्रसिद्ध होती. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवताना केसभर चूक झाली, तर यंत्र थांबवून मोजमाप घेण्याआधीच ते प्रेसच्या खांबाला तळहात लावून सांगत, “डाव्या अंगाला बसलीय बघा.” आम्ही त्याला कसब म्हणत असू. ऐकू न येणाऱ्या माणसाने ऐकण्याचे काम हाताकडे सोपवले आहे, असे आमच्यातल्या एकाच्याही मनात आले नाही.

चौथ्या दिवशी अहवाल आले. मामांच्या अहवालावर दोन्ही कानांच्या श्रवणशक्तीत तीव्र घट असल्याची नोंद होती, आणि खाली लाल अक्षरांत ‘अनफिट’. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला धोक्याचा भोंगा आणि मागून येणाऱ्या, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीचा हॉर्न ऐकू यायलाच हवा, हा नियम योग्यच आहे. मी तो अहवाल घेऊन आमच्या विभागाच्या नव्या प्रमुखांकडे गेलो. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. कामाला चोख, वागण्यात सरळ. त्यांनी मामांची जुनी फाइल उघडली आणि पाने उलटली.

“सर, दरवर्षी नॉर्मल आहे. मंदीच्या आधी शेवटची तपासणी झाली, तेव्हाही नॉर्मल.”

“हो.”

“म्हणजे इथून गेले तेव्हा कान ठीक होते. घरी असताना बिघडले. मग हे आपल्या कामामुळे नाही.”

त्यांचा तर्क निर्दोष होता. बावीस वर्षे हातोड्यांच्या जंगलात उभा राहिलेला माणूस धडधाकट कानांनी बाहेर पडला आणि गावातल्या ओसरीवर बसून बहिरा झाला, असे कागद सांगत होते. आणि त्या प्रत्येक कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. कामामुळे कान गेले असे ठरले असते, तर मामांना दुसरे हलके काम मिळण्याचा आणि भरपाईचा हक्क होता. घरी गेले असे ठरले तर ते फक्त एक नापास झालेले गृहस्थ होते.

“पुन्हा तपासणीची एक संधी असते, पंधरा दिवसांत,” त्या म्हणाल्या. “ती द्या त्यांना. याहून जास्त मला काही करता येणार नाही.”

आता ते ‘नॉर्मल’ कसे होत असे, हे सांगितले पाहिजे.

पूर्वी, पंधरा-एक वर्षे, तपासणीसाठी एक मोठी गाडी कारखान्याच्या आवारात येई. आत एका कोपऱ्यात कानांच्या तपासणीचे काचेचे खोके होते. कानांवर यंत्र लावायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचे. पहिल्या वर्षी गाडीचा जनरेटर बाहेर धडधडत होता आणि शॉपमधले प्रेस त्याला साथ देत होते. कोणालाच धड ऐकू येईना. अर्धी पाळी नापास झाली आणि उत्पादनाचे प्रमुख माझ्या टेबलावर मूठ आपटून गेले. नापास माणसाला प्रेसवरून काढून हेल्परमध्ये टाकत, म्हणून माणसे माझ्याभोवती जमली. “साहेब, असलं काय करू नका. पोरंबाळं हाईत.” दुसऱ्या वर्षी गाडीवरच्या तपासनिसाने सोपा मार्ग सुचवला. तो बटण दाबेल तेव्हा मी काचेबाहेरून हलकेच मान हलवायची. माणसाने माझ्याकडे पाहायचे आणि बोट वर करायचे. रांग भराभर सरकली. सगळे नॉर्मल. माणसांनी माझे आभार मानले, उत्पादनप्रमुखांनी पाठ थोपटली. मला त्या दिवशी खरोखर असे वाटले की मी काही भले केले.

मग ती पद्धतच पडली. पुढे जनरेटर दूर उभा करू लागले, तरी पद्धत राहिली. नवी माणसे जुन्यांकडून शिकून येत : आत गेलास की शिट्टीकडं लक्ष देऊ नको, साहेबांच्या मानेकडं दे. मामा तर हसत बसत खोक्यात. एकदा बाहेर येऊन म्हणाले होते, “साहेब, तुमची मान लई चांगली वाजती.” सगळे हसले. मीही हसलो. ते हसणे आठवले की आजही मला स्वतःची चीड येते, आणि ती चीडही हळूच येते याची आणखी चीड येते.

कानात घालायचे बोळे आम्ही वाटत होतो. माणसे ते खिशात ठेवत, कारण डाय नीट बसली की नाही हे आवाजावरून कळते आणि खराब माल निघाला तर बोलणी बसतात. दरवर्षीच्या अहवालात खरे आकडे आले असते, तर कोणीतरी विचारले असते की बोळे खिशात का आहेत. आवाज कमी करणारे पडदे लावण्याचा प्रस्ताव दोनदा माझ्या टेबलावरून वर गेला आणि दोन्ही वेळा एकाच शेऱ्यानिशी परत आला : श्रवणदोषाची एकही नोंद नाही, गरज दिसत नाही.

पुन्हा तपासणीची तारीख सांगायला मी मामांना फोन केला. फोन त्यांच्या पत्नीने, मामींनी घेतला. आता मामांचे सगळे फोन त्याच घेतात.

“बहिरेपण कवापासून हाय, ते मला इचारा,” त्या म्हणाल्या. “कंपनीत जात होते तवा घरीबी वरडूनच बोलायचे. मला वाटायचं, प्रेसवाला माणूस, सवय लागलीय. घरी बसले तवा कळलं. टीव्ही इतका मोठा लावायचे की शेजारची भाडेकरू रडकुंडीला आली. मग एका गोडाउनवर वॉचमन म्हणून लागले. मालक गेटवर हॉर्न वाजवून वाजवून थकला, ह्ये आतमंदी खुर्चीवर टक्क जागे! चौथ्या दिशी घरी.”

पाठीमागून मामांचा आवाज आला, “कोण हाय? साहेब? त्यांना म्हणावं, यायला लागतंय माझ्यासंगं.”

मी गेलो. का गेलो, हे मला पुरते ठाऊक होते, आणि ठाऊक नसल्याचे सोंग मी स्वतःपुढे ताथवड्यापर्यंत वठवत राहिलो. केंद्राच्या दारात मामांनी माझा हात धरला आणि शॉपमध्ये बोलत तसे मोठ्याने म्हणाले, “साहेब, एवढ्या बारी मान हलवा. एकदा आत घुसलो की मी बघतो. प्रेसला कान लागत न्हाईत, हात लागत्यात.” स्वागतकक्षातली मुलगी आमच्याकडे पाहू लागली. मी त्यांना गप्प बसण्याची खूण केली. तीही मानेनेच.

पहिल्या तपासणीत खुर्चीचे तोंड भिंतीकडे होते. मामांनी आत जाताच, भिंतीकडे पाहिले की गुदमरते, असे सांगून खुर्ची काचेकडे वळवून घेतली. तपासणी करणारी तरुणी भली होती. तिने हरकत घेतली नाही. कंपनीचा माणूस म्हणून मला तिच्या मागे स्टूल दिले. मामांच्या हातात या वेळी बटण होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत इतका निःशंक विश्वास होता की नकार द्यायला लागणारे बळ माझ्यात उरले नाही. तिचे बोट कळेवर पडले. मी मान हलवली. मामांनी बटण दाबले.

पाच-सात मिनिटे हे चालले. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. मला समजले ते नंतर. नव्या यंत्रात शिट्टी यंत्रच आपल्या मनाने सोडते. ती ज्या कळा दाबत होती, त्या कधी कान बदलण्याच्या होत्या, कधी नोंद साठवण्याच्या. मी त्या प्रत्येक कळेला मान हलवत होतो. म्हणजे जेव्हा कानात शिट्टी वाजत होती तेव्हा मामा स्वस्थ होते, आणि जेव्हा काहीच वाजत नव्हते तेव्हा ते उत्साहाने बटण दाबत होते.

अहवाल तिसऱ्या दिवशी आला : प्रतिसाद विसंगत. तपासणी विश्वासार्ह नाही. हेतुपुरस्सर असण्याची शक्यता.

आमच्या प्रमुखांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सर, मला खरंच कळत नाहीये. हा माणूस बहिरा असल्याचं सोंग करतोय, की ऐकू येत असल्याचं?”

माझ्या आयुष्यात मला इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. वर त्यांनी असेही सांगितले की या शेऱ्यानंतर मामांची फाइल बंद करावी लागेल. फसवणुकीचा संशय असलेल्या माणसाला परत बोलावता येत नाही. एका प्रामाणिक माणसाला मी आधी पंधरा वर्षे धडधाकट ठरवले होते आणि आता एका दुपारी लबाड ठरवले होते. दोन्ही वेळा मदत म्हणून.

मी दार लावून घेतले आणि सगळे सांगितले. गाडी, जनरेटर, काच, मान. ताथवड्याचे स्टूलही. शेवटी त्या म्हणाल्या, “लेखी द्याल?”

“देईन.”

“लेखी दिलंत की मला ते वर पाठवावं लागेल. मग प्रेस शॉपचा एकही जुना रिपोर्ट धरता येणार नाही, आणि तुम्ही केंद्रात हजर होतात म्हणून तिथले नवेही नाहीत. सगळ्यांची तपासणी नव्याने, तोपर्यंत कोणाला कामावर घेता येणार नाही. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, सर.”

“हो.”

“मग हे दोन आठवड्यांपूर्वी, मी फाइल उघडली तेव्हाच का नाही सांगितलंत?”

पंधरा वर्षे का नाही सांगितले याची कारणे देता येतात. त्यातली काही ऐकायला बरीही वाटतात. पण त्या दोन आठवड्यांना कारण सापडत नाही. मी टेबलाशी बसून दोन पाने लिहिली आणि सही केली.

दोन दिवसांत बातमी शॉपभर झाली. परत यायला निघालेली माणसे गेटबाहेर थांबली. काही जण आठवडाभरातच हजर होणार होते, कोणी बदली कामे सोडून आले होते. संध्याकाळी बसकडे जाताना त्यांनी मला घेरले. कोणी अंगावर आले नाही; ते आले असते तर बरे झाले असते.

“साहेब, तुमचा आत्मा जागा झाला आणि आमची हजेरी झोपली,” काळेवाडीहून येणारा एक ऑपरेटर म्हणाला.

“इतकी वर्षं नॉर्मल होतो ना आम्ही?” दुसरा म्हणाला. “आणखी पंधरा दिवस नॉर्मल राहिलो असतो तर कुणाचं काय गेलं असतं?”

“अरे भावा, त्यांना पाप धुवायचं होतं. पाणी आपलं वापरलं, एवढंच.”

मी त्यांना समजावू लागलो की हे त्यांच्याच कानांसाठी आहे. “मोठ्यानं बोला साहेब,” मागून कोणीतरी ओरडले, “न्हाईतर मान हलवा!” आणि सगळे हसले. मी बसमध्ये चढलो. त्यांचे चुकत होते असे मला त्या रात्री म्हणता आले नाही आणि बरोबर होते असेही नाही. पश्चात्ताप करणाऱ्याला मनोमन अशी आशा असते की निदान पश्चात्तापाने तरी कोणाचे नुकसान होणार नाही. ती आशाही एक प्रकारची चैनच आहे.

रविवारी मी मामांच्या घरी गेलो. त्यांच्या भोवतालच्या जमिनींवर भावकीने भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या केल्या आहेत आणि मधोमध त्यांचे बैठे घर आहे. मामा अंगणात बसले होते. मी समोर बसलो आणि वाटेत मनात रचलेली वाक्ये माझ्या नेहमीच्या आवाजात सुरू केली. त्यांनी कानाशी हात नेला.

“मोठ्यानं, साहेब.”

मी आवाज चढवला. त्यांनी मान नकारार्थी हलवली. अखेरीस मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो, “मामा, माझी चूक झाली! तुमचे कान कधीच गेले होते, आणि मी ते कागदावर येऊ दिलं नाही!”

चाळीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई कठड्याशी आली. खालच्या खोलीतून दोन पुरुष डोकावले. “काय झालं ओ?” एकाने विचारले. मामी ओसरीवरून त्यांच्यावर खेकसल्या, “काय न्हाई, कंपनीचं हाय. व्हा आत.” मी घामाघूम झालो होतो. क्षमा मागणे ही माझ्या मते कोपऱ्यात, दोघांत, खालच्या मानेने करण्याची गोष्ट होती. तिला इतक्या लोकांपुढे, इतक्या साध्या शब्दांत, दोनदा ओरडून सांगावे लागेल, याची मी कल्पना केली नव्हती. आणि आडवळणाचे एकही वाक्य ओरडून सांगता येत नाही, हेही मला तिथेच कळले. रचलेली सगळी वाक्ये गळून पडली होती.

मामांनी एवढेच विचारले, “म्हंजे प्रेस मिळंल का?”

“नाही!” मी ओरडलो. “प्रेस नाही मिळणार! दुसरं काम मिळेल, आणि भरपाईचा अर्ज करता येईल!”

“मग तुमी कशाला लिवून दिलं?”

“बरं केलं लिवून दिलं,” मामी म्हणाल्या. त्या ओसरीवरून उतरून आमच्यात येऊन बसल्या आणि नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून बोलल्या. “कामानं कान गेलं, असा कागद पायजे आपल्याला. लोकं म्हणत्यात, घरी बसून खाऊन खाऊन भैरा झाला.”

“मला कागद नको. मला प्रेस पायजे.”

“आन उद्या मागनं गाडी आली म्हंजे?”

“बावीस वर्षांत आली का?”

“आली न्हाई ते नशीब तुमचं.”

“कागद घिऊन काय करू मी? डायखाली घालून दाबू त्याला?”

मामी माझ्याकडे वळल्या. “दादा, तुमी त्यांचं ऐकू नका. तिसऱ्या तपासणीला मी आणते त्यांना. खुर्चीचं तोंड भिंतीकडं ठेवा म्हणावं.”

तिसरी तपासणी व्हायला तीन आठवडे लागले, कारण माझ्या लेखी कबुलीवर चार सह्या हव्या होत्या आणि त्या चौघांपैकी प्रत्येकाला ती प्रथम दुसऱ्याने वाचावी असे वाटत होते. एकाने शेरा मारला, ‘भाषा सौम्य करावी’. मी परत पाठवले : भाषा सौम्य होती म्हणूनच हे झाले. एवढे एक उद्धट वाक्य माझ्या साऱ्या नोकरीत मी लिहिले आहे.

दरम्यान बाकीच्यांच्या तपासण्या होत होत्या. बहुतेक फिट ठरले आणि उशिरा का होईना, आत गेले. पुढच्या तुकड्यांतल्या प्रेस शॉपच्या काही जुन्या माणसांचे कान मात्र मामांच्याच वाटेवर निघाले. त्यातला एक तोच काळेवाडीचा ऑपरेटर होता. अहवाल घ्यायला आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही. सही केली, कागदाची घडी घातली, आणि जाताना म्हणाला, “हे मला कधी सांगणार होता, राव?” मी म्हणालो, “आधीच सांगायला हवं होतं.” त्याला ते ऐकू गेले की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा मोठ्याने म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, “ऐकलं,” आणि निघून गेला.

मामांच्या तपासणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर मामींशेजारी बसलो. दार बंद होते. आत काय चालले आहे ते दिसत नव्हते, आणि तसेच असायला हवे होते. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले. त्यांच्यासमोर माझी दोन पाने होती. त्यांनी मामांना विचारले, किती वर्षे प्रेसवर. ते मामींनी ओरडून सांगितले. बोळे घालत होता का, असे विचारल्यावर मामांनी माझ्याकडे पाहिले, मी काही खूण केली नाही, तेव्हा ते म्हणाले, “खिशात असायचे.” डॉक्टरांनी बराच वेळ लिहिले. मामींनी मला तो कागद वाचून दाखवायला सांगितले, आणि मी तो मामांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला : श्रवणशक्तीत कायमस्वरूपी घट, दीर्घकाळ मोठ्या आवाजात केलेल्या कामाशी संबंधित, मोठ्या आवाजाच्या विभागात नेमणूक करू नये.

मामींनी कागद माझ्या हातातून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी छातीशी धरली. मामा भिंतीकडे पाहत होते.

“म्हंजे आता पक्कं झालं,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. “इतके दिस लोकं म्हणायची, मला ऐकू येत न्हाई. मी म्हणायचो, कंपनीचा कागद बघा की.”

माझा खोटा कागद त्यांनी खरा धरला होता. तो त्यांना नोकरीसाठीच नव्हे, स्वतःसाठीही लागत होता, हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते.

त्यांना अवजारांच्या भांडारात काम मिळाले. काचेच्या दारांआड, शांत जागा. चिठ्ठी येईल त्याप्रमाणे डाय आणि नट आवळायचे पाने काढून द्यायचे. भरपाईचा अर्ज मी स्वतः भरला आहे. तो कुठे अडला आहे हे दर सोमवारी विचारतो, आणि दर सोमवारी मला वेगळ्या टेबलाचे नाव सांगितले जाते. पडद्यावरची रेघ अजून वर चढते आहे. आवाज रोखणारे पडदे मंजूर झाले आहेत. कधी लागतील हे विचारले की सांगतात, सध्या उत्पादन थांबवता येणार नाही, ऑर्डरी फार आहेत.

मामा हजर व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी निरोप धाडला, की पहिल्या पाळीला मी गेटवर येईन, भांडारापर्यंत सोबत करीन. तिथली माणसे नवी आहेत, ओळख करून देईन. मामींनी फोन केला.

“ते म्हणत्यात,” त्या जरा अवघडून म्हणाल्या, “साहेबांना म्हणावं, तुमी यायची गरज न्हाई. भांडाराची वाट मला ठावं हाय.”

मी हो म्हणालो. मग, तिकडे पोचावे म्हणून, मोठ्याने पुन्हा एकदा हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या टेबलाशीच थांबलो आणि हजेरीच्या यंत्रावर त्यांचा अंगठा उमटल्याची नोंद आल्यावर पुढचा अर्ज उघडला.